आपलीच गेली की सगळ्यांची?

लाइट गेली की आमचे बाबा आधी गॅलरीत जातात. मेणबत्ती, काडेपेटी, सगळं नंतर. समोरच्या बिल्डिंगमध्येही अंधार दिसला की तिथूनच पुकारा होतो, "सगळ्यांची गेलीय!" आणि घराला बरं वाटतं. सगळ्यांची गेली म्हणजे येईल. आपलीच गेली म्हणजे वायरमन, शिडी आणि खर्च.

कर्वेनगरातली आमची सोसायटी तीन मजली. लिफ्ट नाही, त्यामुळे जनरेटरही नाही. वाकडला टॉवरमध्ये राहणारा मित्र "आमच्याकडे लाइट जातच नाही" असं सांगतो. मेन्टेनन्सच्या बिलात डिझेलची ओळ असते, ती सांगत नाही.

बाबांचा इन्व्हर्टरला विरोध होता आणि तो ऐतिहासिक होता. "२००६ साली राज्यभर भारनियमन चालू असताना पुण्यात नव्हतं. कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवून शहरासाठी वीज मोकळी केली, आपण बिलात जादा आकार भरला. त्या पुण्यात इन्व्हर्टर?" यावर काय बोलणार? मी वीस वर्षं गप्प होतो.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, अप्पा बळवंत चौकाजवळ. जूनमधला गुरुवार, कॉलेज प्रवेशाचे दिवस, काउंटरवर गुणपत्रिका आणि जातीचे दाखले घेतलेली पंधरा माणसं, आणि अकरा वाजता लाइट गेली. "कधी येईल हो?" हे एका बाईंनी अशा सुरात विचारलं की जणू मीच लाइटला वाण्याकडे धाडलंय. एक मुलगा म्हणाला, "काका, तोवर पाठपोट तरी काढून ठेवा." पंधरापैकी चौदा जण पुढच्या चौकात गेले. हा मुलगा थांबला.

दुपारीच इलेक्ट्रिक सामानाची तपकीर गल्ली गाठली. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "काय काय चालवायचंय?"

"झेरॉक्स."

त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "साहेब, झेरॉक्सच्या पोटात इस्त्री असते. पावडर वितळवून कागदाला चिकटवायची तर दोनशे डिग्रीच्या आसपास तापावं लागतं. तापताना मशीन हजार-पंधराशे वॅट ओढतं. इन्व्हर्टर बसवाल हो, पण बॅटऱ्या ठेवायला शेजारचा गाळा घ्या." पेट्रोलचा छोटा जनरेटर? त्याचा धूर विषारी, बंद जागेत चालवायचा नाही, म्हणजे बाहेर ठेवायचा. आणि बाहेर शेजारच्या पुस्तकवाल्यांचं स्टूल असतं, ते त्यांच्या वडिलांच्या काळापासून आहे. शेवटी दुकानदारांनीच तोड काढली: शाईच्या टाकीचा प्रिंटर-स्कॅनर घ्या, तो तापत नाही, पंधरा-वीस वॅटवर कॉपी काढतो, साधा यूपीएस पुरेल. हळू चालेल, पण चालेल.

पैशासाठी बँकेत गेलो. मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पन्नाशीत शिशु झालो. उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्ट, कोटेशन, सगळं नेलं. साहेबांनी विचारलं, "यामुळे उत्पन्न किती वाढेल?" म्हटलं, "लाइट किती वेळा जाते त्यावर आहे." त्यांनी विचार करून अर्जावर लिहिलं, 'व्यवसाय हंगामी'. कर्ज मात्र झालं.

दुकानाचा प्रश्न असा चार दिवसांत मिटला. मग घरीही इन्व्हर्टर घ्यायचं काढलं, तो प्रश्न तीन आठवडे चालला.

कारण घरीही प्रश्न तोच होता: काय काय चालवायचं? वायरमनने सांगितलं, जे पॉइंट हवेत त्यांची लाइन वेगळी काढावी लागेल, ठरवून ठेवा. ठरवून ठेवा! या घरात रविवारी भाजी कोणती करायची, ते सोमवारी ठरतं. आईला मिक्सर हवा होता. "लाइट नेमकी चटणीच्या वेळी जाते." बायकोला फ्रिज हवा होता, चिरंजीवांना वायफाय आणि बाबांना बातम्या. इन्व्हर्टरवर लिहिलेले ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नव्हेत, साधारण सातशेच, हे मी नव्याने शिकलो होतो आणि प्रत्येकाला ऐकवत होतो. फ्रिज चालताना दीडशेच वॅट घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका मारतो, हेही सांगितलं. बायको म्हणाली, "तुमच्यासारखंच आहे, उठेपर्यंत त्रास." शेवटी दोन पंखे, दोन ट्यूब, टीव्ही आणि वायफाय यांना जागा मिळाली. मिक्सर पडला. आईने त्या दिवशी चटणी केली नाही, निषेध म्हणून.

खरेदीला बाबाही आले. विरोध होता, पण त्यांच्याशिवाय खरेदी व्हावी इतका नव्हता. दुकानदार म्हणाले, एक स्क्वेअर वेव्ह येतो, स्वस्त, पण पंखा गुंगुं करतो. दुसरा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरात येते तशीच वीज. "शुद्धच द्या," बाबा म्हणाले, तूप घेतात त्या आवाजात. "बॅटरी दीडशे एएचची (अँपिअर-तास), आठ-दहा तास आरामात," दुकानदार म्हणाले. बाबांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडलं. दीडशे गुणिले बारा व्होल्ट, अठराशे वॅट-तास. पैकी वीस टक्के वाटेत सांडणार, उरले चौदाशे. दोनशे वॅट खर्च धरला तर सात तास. "आठ-दहा कुठून आणले?" दुकानदार म्हणाले, "काका, आरामात म्हटलं ना." जुनी बॅटरी दिलीत तर दीड हजार कमी करतो, असंही म्हणाले. आमच्याकडे जुनी नाही म्हटल्यावर, "कुणाची तरी बघा की."

मग हप्ते. रोख २१,५००, हप्त्याने २४,०००, दरमहा २,००० असे बारा, आणि वर फलक: 'नो कॉस्ट'. बाबा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत, त्यांचा चेहरा उजळला. "रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय, शून्य टक्के व्याज असं काही नसतं. रोखीची सवलत बुडते तेच व्याज." पत्रिकेच्या उरलेल्या जागेत ते वर्षाला जवळजवळ २१ टक्के निघालं. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळाच. "बरं मग, मुदत ठेवीतले काढू या?" मी म्हटलं. बाबा एकदम गंभीर झाले. "ठेव मोडायची नसते." अशा रीतीने सात टक्क्यांची ठेव शाबूत ठेवून आम्ही २१ टक्क्यांनी इन्व्हर्टर घरी आणला.

धायरीच्या मावसभावाचा फोन आला, "अरे, सोलर नाही का घ्यायचं? मी तीन किलोवॅट बसवलं, ७८ हजार अनुदान मिळालं." त्याच्याकडे मेमध्ये गेलो होतो तेव्हा रणरणत्या उन्हात त्याचा पंखा बंद होता. लाइट गेली की ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेलं सोलरही आपोआप बंद पडतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला छपरावरची वीज लागायची. बिल मात्र झकास कमी येतं. मी आठवण करून दिली नाही, नातं आहे.

इन्व्हर्टर बसला आणि लाइट जायची थांबली. पंधरा दिवस झाले, पहिला हप्ता गेला. "आता जायला हरकत नाही," बाबा रोज म्हणायचे. आई बॅटरीत माठातलं पाणी ओतायला निघाली होती, डिस्टिल्ड वॉटर लागतं, साध्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात, म्हणून थांबवलं, तर "खडकवासल्याचं पाणी चालत नाही? असली कसली बॅटरी?"

जुलैमधली रात्र. चिरंजीव पावसात भिजून आले, गीझर लावला. बायको त्याच वेळी त्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. साडेनऊला इस्त्री गार पडली, गीझरचा लाल दिवाही विझला. एका रात्रीत दोन वस्तू बिघडल्या म्हणून आम्ही नशिबाला बोल लावला, बातम्या पाहिल्या आणि पंख्याखाली झोपलो.

पहाटे साडेचारला कुठेतरी पीं-पीं झालं आणि दोन्ही पंखे थांबले. बरोबर सात तास. बाबा उठले, गॅलरीत गेले. बराच वेळ काही पुकारा नाही. मी मागे जाऊन उभा राहिलो. समोरच्या बिल्डिंगचा जिना लख्ख, कोपऱ्यावरचा दूधवाला लख्ख, रस्त्यावरचे सगळे दिवे लख्ख. मीटरपेटीत आमचा मेन स्विच रात्री साडेनऊपासून खाली पडलेला होता.

समोरचे काका फिरायला निघाले होते. मान वर करून म्हणाले, "काय हो, आज तुमचीच गेली का?"

"छे छे," बाबा म्हणाले, "बॅटरी तपासतोय."