क्वार्टर, माप आणि बिनदुधाचा चहा

सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायची की नाही, यावरून जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात जो गदारोळ उठला, तो मी इथे ग्लासगोत रोज वाचत होते. हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइनसाठी वेगळं कपाट ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. एका बाजूने द्राक्ष उत्पादकांचं हित पुढे केलं, दुसरीने 'मद्यराष्ट्र' म्हणून हिणवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. तेव्हापासून दारूचा विषय निघाला की वाद तिथेच घुटमळतो: बाटली कुठे विकायची आणि त्याने संस्कृती बुडते का. माणूस किती पितो, कशाबरोबर पितो, कोणासमोर पितो, हे कोणी विचारत नाही. मला तर तेवढंच विचारण्यासारखं वाटतं.

शनिवारी संध्याकाळी मी आणि नवरा घरी व्हिस्की घेतो. जेवणाच्या टेबलावर, दिवे लावून, मुलं आजूबाजूला खेळत असताना. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, पण माहेरी हेच वाक्य मोठ्याने म्हणता येणार नाही हेही ठाऊक आहे. आमच्या नात्यागोत्यात दारू घराबाहेर राहते: गच्चीवर, फार्महाउसवर, परमिट रूममध्ये. 'आज बसायचं का?' या प्रश्नात बायका धरलेल्याच नसतात. आणि बाहेर बसलं की बाटली संपवूनच उठायचं, कारण उरलेली घरी नेणार कुठे? मग त्याच अवस्थेत दुचाकीला किक मारायची. लपवून पिण्यामुळे पिणं कमी होतं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

ब्रिटनमध्ये दारू युनिटात मोजतात. दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. २०१६ पासून इथल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला आहे की आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये, आणि तेवढी घेणाऱ्यानेही ती किमान तीन दिवसांत विभागावीत. आता आपली क्वार्टर घ्या. १८० मिलिलिटर, अल्कोहोल ४२.८ टक्के. हिशेब केला तर ७.७ युनिटं होतात. आठवड्याच्या मर्यादेतली निम्म्याहून जास्त दारू एका बैठकीत पोटात जाते, आणि घरी आल्यावर सांगायचं, 'फार नाही, एकच क्वार्टर.' हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मला खरोखर भीती वाटली.

आमच्या घरी २५ मिलिलिटरचं स्टीलचं माप आहे. चाळीस टक्क्यांची व्हिस्की त्यात काठोकाठ भरली की बरोबर एक युनिट. पण २५ मिलिलिटर ग्लासात ओतलं की तळाला जेमतेम बोटभर दिसतं, आणि हात आपोआप पुन्हा बाटलीकडे जातो. इथे मला चहा उपयोगी पडला. आसामचा पानांचा चहा, दुधाशिवाय, नेहमीपेक्षा थोडा कडक. चार मिनिटांत गाळून घ्यायचा, त्याहून जास्त ठेवला की तो कडवट होतो आणि मग कितीही मध घाला, सुधारत नाही. गार झाला की ग्लासात बर्फ, व्हिस्कीचं एक माप, तीन मापं चहा, दोन चमचे लिंबाचा रस, एक चमचा मध. मध आधी कोमट चहातच विरघळवावा, बर्फात तो तळाला चिकटून बसतो. चहातलं टॅनिन जिभेवर कोरडेपणा आणतं, ओकच्या पिंपातून व्हिस्कीत उतरलेला कोरडेपणाही त्याच जातीचा, त्यामुळे दोन्हींची चव एकमेकांत सहज मिसळते. सोड्याने व्हिस्की पातळ लागते, चहाने ती भरदार राहते. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट व्हिस्की असेल तर मी लिंबू वगळते. हिवाळ्यात हेच गरम करते, दोन लवंगा टाकून, पण उकळता चहा व्हिस्कीवर ओतू नये. वाफेबरोबर अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी कसलाच वास कळत नाही.

असा ग्लास तासभर पुरतो. (चहाने नशा उतरते हा समज मात्र चुकीचा आहे. तरतरी येते, रक्तातलं अल्कोहोल तेवढंच राहतं. त्यामुळे मापावरच थांबायचं.)

उन्हाळ्यात सासू-सासरे आले होते. सासूबाई व्हिस्कीला हात लावत नाहीत. त्यांना तोच गार चहा, तोच मध, तेच लिंबू, तसल्याच ग्लासात दिला. बाबांनी माप पाहिलं आणि म्हणाले, "अगं, एवढीशीच?" "हो बाबा, एवढीच." त्यांनी हसून ग्लास घेतला. चौघं एका टेबलावर दोन तास गप्पा मारत बसलो. सासूबाईंना उठून स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागलं नाही, याचं मला सगळ्यात जास्त समाधान वाटलं.

पण परदेश म्हणजे आदर्श, असं मला मुळीच म्हणायचं नाही. स्कॉटलंडमध्ये वाइनच काय, व्हिस्कीही सुपरमार्केटमध्ये पावाच्या पुढच्या रांगेत मिळते, आणि २०२३ मध्ये थेट दारूमुळे इथे १,२७७ माणसं मेली. साधारण ५५ लाख वस्तीच्या देशात. बहुतेक दारू घरीच प्यायली जाते, तेव्हा लपवून पिण्यापेक्षा घरी पिणं बरं, हा माझा दावा मापाशिवाय टिकत नाही. इथल्या सरकारने काय केलं? दुकानांतली विक्री सकाळी दहा ते रात्री दहा. एकावर एक फुकटसारख्या सवलती २०११ पासून बंद. २०१८ मध्ये प्रत्येक युनिटला किमान ५० पेन्स दर बांधून दिला, सप्टेंबर २०२४ मध्ये तो ६५ पेन्स केला. त्यामुळे २८ युनिटांची ७०० मिलिलिटरची बाटली १८ पौंड २० पेन्सच्या खाली कोणीच विकू शकत नाही. कायदा बाटलीतलं अल्कोहोल मोजतो.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याखाली पिण्याचा परवाना आहे: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. घरात बाटली ठेवणाऱ्या किती जणांकडे तो असतो, हे प्रत्येकाने आपापल्या ओळखीत पाहावं. दुसरीकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीसाठी लढणाऱ्या बायकांबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्या घरात मजुरी गुत्त्यावर संपते आणि रात्री मार खावा लागतो, तिथल्या बाईला मी मध-लिंबाची कृती सांगायला जाणार नाही. गावात 'आडवी बाटली'ला, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्याच्या बाजूने, मत देण्याचा तिचा हक्क शाबूतच राहायला हवा. माझा आक्षेप शहरातल्या, सुस्थितीतल्या लोकांवर आहे, जे तिचं दुःख पुढे करून दारू वाईट म्हणतात आणि शनिवारी गच्चीवर क्वार्टर संपवतात.

आज आपल्या बाटलीवर अल्कोहोलची टक्केवारी असते आणि आरोग्याचा इशारा असतो. इथल्या बहुतेक बाटल्यांवर युनिटं छापलेली असतात. पुढच्या वेळी वाइनचा किंवा कुठल्याही दारूचा निर्णय मंत्रिमंडळापुढे येईल, तेव्हा बंदीवाले आणि विक्रीवाले दोघांनी मिळून एक मागणी करावी: क्वार्टरवर ७.७ हा आकडा मराठीत, ठळक, आणि शेजारी आठवड्याची मर्यादा १४.