खुलासा : ६,०५५ डॉलर आणि हुकूमशाहीचा शेवट

“माणशी उत्पन्न ६,०५५ डॉलरच्या वर गेलं की हुकूमशाही आपोआप कोसळते, हे राज्यशास्त्रज्ञ अ‍ॅडम प्रशेवोर्स्की यांनी सिद्ध केलंय,” असा एक मजकूर फिरतोय. आकडा खरा आहे, निष्कर्ष मात्र साफ उलटा लावलेला आहे.

प्रशेवोर्स्की आणि फर्नांदो लिमोंगी यांनी १९५० ते १९९० या काळातल्या राजवटी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले. ६,०५५ डॉलर हे अर्जेंटिनाचं १९७५ सालचं माणशी उत्पन्न. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराने सत्ता बळकावली. त्याहून श्रीमंत देशातली एकही लोकशाही त्या काळात कोसळली नाही, या आकड्याबद्दल इतकंच त्यांचं म्हणणं. म्हणजे उंबरठा लोकशाही टिकण्याचा आहे, येण्याचा नव्हे. हुकूमशाही कधी पडेल हे उत्पन्नावरून सांगता येत नाही, हा तर त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यांच्याच वर्गीकरणात सिंगापूर श्रीमंत होऊनही हुकूमशाहीतच मोडतं.

शिवाय हे डॉलर १९८५ च्या क्रयशक्तीनुसार, म्हणजे तेव्हा त्या पैशात प्रत्यक्ष किती खरेदी करता यायची त्या हिशेबाने, मोजलेले आहेत. आजच्या उत्पन्नाशी ते थेट ताडून पाहणं चूकच.

हा शेवटचा शब्द आहे असंही नाही. कार्ल्स बॉइश आणि सुसान स्टोक्स या राज्यशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये आक्षेप घेतला, की १९५० पूर्वीचा काळ धरला तर उत्पन्नवाढीने लोकशाही येण्याची शक्यताही वाढलेली दिसते. पण शक्यता वाढणं वेगळं आणि ‘आपोआप’ वेगळं. सत्ता सोडायला लावण्यासाठी तुरुंगात गेलेल्या, रस्त्यावर उतरलेल्या माणसांना या एका शब्दाने हिशेबातूनच काढून टाकलं जातं. मजकूर पुढे पाठवलेला असेल, तर सोबत हा खुलासाही जरूर पाठवा.