लॅपटॉपच्या बिलावर सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लिहा

तासगाव-पलूस भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, खताचं लिंकिंग काय असतं ते तो तळतळून सांगेल. युरिया पाहिजे? मग ही विद्राव्य खताची पिशवी घ्या, ती नॅनोची बाटली घ्या. त्याविरुद्ध आपल्याकडे निवेदनं दिली जातात, पेपरात बातम्या येतात, कृषी विभाग दुकानदारांना तंबी देतो. पण त्याच शेतकऱ्याच्या पोराला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि तो सांगलीत लॅपटॉप घ्यायला आला, की तिथंही एका मालासोबत दुसरा माल गळ्यात मारला जातो. त्यावर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

यंदा भाचीसाठी लॅपटॉप घेतला. ती लिनक्स वापरते, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची संगणक प्रणाली; तिला विंडोज नकोच होतं. दुकानातल्या पोरानं टेप कापली, चार्जर लावला आणि 'सेटअप करून देतो' म्हणत बसला. स्क्रीनवर लायसन्सचा करार आला. पानंच्या पानं मजकूर, खाली 'ॲक्सेप्ट'चं बटण. त्याचं बोट बटणावर पडणार इतक्यात मी त्याला थांबवलं. तो बिचारा गोंधळला, कारण दिवसभर तो हेच करतो. पण करार होणार होता आमच्याशी, पैसे आम्ही मोजले होते आणि संमती देत होता भलताच माणूस. नव्या लॅपटॉपवर विंडोज नाकारण्याची योग्य वेळ हीच असते, आणि तेवढीच वेळ दुकानदार आपली सेवा म्हणून उरकून टाकतात.

मालक म्हणाले, "ताई, हे सगळं कंपनीकडनंच भरून येतंय. नको असंल तर उडवा की, कोण नाय म्हणतंय? पण पैसे कमी व्हायचे नाहीत." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या हातात खरंच काही नसतं. पण बिल बघा : मॉडेलचं नाव, नग एक, खाली जीएसटी. सॉफ्टवेअरचा वेगळा उल्लेखच नाही. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे न वापरलेल्या विंडोजवर आम्ही करही भरला.

आता करारात काय लिहिलंय ते सांगते, कारण तो कुणीच वाचत नाही. अटी मान्य नसतील तर सॉफ्टवेअर वापरू नका, उत्पादकाशी संपर्क साधा आणि त्याच्या परतीच्या धोरणाप्रमाणे पैसे किंवा क्रेडिट घ्या, असं त्यात आहे. विंडोज ९८च्या काळातही अशी तरतूद होती. तिच्याच जोरावर १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात लिनक्सवाले लोक न वापरलेलं विंडोज परत करायला थेट मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेले होते. हल्लीच्या करारात मात्र एक पुस्ती जोडलेली आहे : परतावा हवा असेल तर अख्खं यंत्रच परत करावं लागू शकतं. आम्ही कंपनीला ईमेल केला, त्याचं उत्तरही याच पुस्तीवर बोट ठेवून आलं. विंडोज नको तर लॅपटॉप परत करा! मग करारातल्या त्या आधीच्या वाक्याला अर्थ काय राहिला?

इटलीत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. पुढे तिथल्याच एका ग्राहकाला विंडोजचे ४२ युरो देण्यावरून लेनोवो कंपनी कोर्टात भांडत राहिली. शेवटी २०२० मध्ये मोंझाच्या न्यायालयानं ते पैसे तर द्यायला लावलेच, वर अपिलाचा गैरवापर केला म्हणून वीस हजार युरोंची भरपाई बसवली. माझ्या विरुद्ध जाणारा निकालही आहे. २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं म्हटलं की सॉफ्टवेअरसकट संगणक विकणं ही आपोआप अनुचित प्रथा ठरत नाही, आणि प्रत्येक प्रोग्रामची किंमत वेगळी न सांगणं म्हणजे दिशाभूल नव्हे. हे मला अजिबात पटत नाही. किंमतच माहीत नसेल तर ग्राहकानं परत मागायचं काय?

आपला कायदा याबाबतीत अधिक स्पष्ट आहे, असं माझं मत आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४१) : एक वस्तू किंवा सेवा घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं ही प्रतिबंधक व्यापार प्रथा. लॅपटॉप आणि विंडोजचं नातं यात बसत नसेल तर कशात बसतं?

'मग विंडोज नसलेला लॅपटॉप घ्यायचा' असं सांगणारे भेटतात. फ्रीडॉस किंवा उबंटू अशा फुकटच्या प्रणाली घातलेली मॉडेल येतात, हे खरं. पण भाचीला हवी होती तेवढी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड असलेलं तसं मॉडेल आम्हाला एकाही दुकानात दिसलं नाही. आणि माझं विंडोजशी वैर नाही. आमच्या पतसंस्थेत टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, तिथं आम्ही त्याचे पैसे आनंदानं देतो.

अँटिव्हायरसची गोष्ट निराळी. तो लॅपटॉपमध्ये भरण्यासाठी अनेकदा अँटिव्हायरसवालेच लॅपटॉप कंपनीला पैसे देतात, त्यामुळे तिथं परतावा मागण्यासारखं फारसं काही नसतं. त्यांची वसुली नंतर सुरू होते. फुकटची मुदत संपली की 'तुमचा संगणक धोक्यात आहे' अशा लाल पाट्या झळकतात. आमच्या शेजारचे काका रिटायर्ड शिक्षक, ते घाबरून दर वर्षी पैसे भरत होते. विंडोजसोबत डिफेंडर हा अँटिव्हायरस फुकट येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माणसाच्या भीतीवर चाललेला हा धंदा मला विंडोजच्या सक्तीपेक्षाही जास्त खुपतो.

मागणी साधी आहे. बिलावर सॉफ्टवेअरची वेगळी ओळ हवी, नको म्हणायची सोय हवी, आणि नको म्हटल्यावर तेवढी रक्कम वजा व्हायला हवी. शाळा, कॉलेजं, सोसायट्या एकदम वीस-वीस संगणक घेतात. त्यांनी कोटेशन मागतानाच विंडोजसह आणि विंडोजशिवाय असे दोन दर मागवले, तर वितरकांनाही हिशोब मांडावा लागेल. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवर शिकतात, तेव्हा विंडोजशिवाय शिक्षण अडतं हे कुणी सांगू नये.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. सांगली-साताऱ्यात कुणी नवा लॅपटॉप घेत असेल तर खोकं बंदच घरी आणा, करार नाकारतानाचा स्क्रीनचा फोटो काढा, कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. बिलाची प्रत मला मेसेजमध्ये पाठवा. चार-पाच जण जमलो तर तक्रारी एकदमच दाखल करू.