सेंट्रेलिया एका रात्रीत ओस पडलं नाही

दर काही महिन्यांनी तोच मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. भेगाळलेला रस्ता, त्यातून निघणारा धूर, आणि खाली मजकूर: 'अमेरिकेतलं भुताचं गाव! 1962 साली जमिनीखाली आग लागली, लोक जीव मुठीत धरून एका रात्रीत पळाले. आज तिथे एकही माणूस नाही. आग अजून 250 वर्षं जळणार. सायलेंट हिल हा गेम याच गावावर बनवला.' हे गाव म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं सेंट्रेलिया. आग खरी आहे, साल खरं आहे. बाकी बहुतेक चुकीचं आहे, आणि त्या चुकीच्या भागातच तिथल्या माणसांची खरी गोष्ट गाडली गेली आहे.

आधी ते 'एका रात्रीत'. मे 1962 मध्ये गावाने आपली कचराकुंडी साफ करायला घेतली. ही कुंडी म्हणजे दफनभूमीजवळचा, कोळसा काढून सोडून दिलेला खड्डा. दिवंगत सैनिकांच्या स्मरणाचा दिवस जवळ आला होता, म्हणून कचरा पेटवून दिला. तिथून आग खालच्या कोळशाच्या थरात शिरली असं बहुतेक जाणकार मानतात, काहींचं मत वेगळं आहे. त्यानंतर कोणी पळालं नाही. लोक घरातच राहिले, मुलं शाळेत जात राहिली. आग गाठण्यासाठी त्याच वर्षी खणायला सुरुवात झाली, पण पैसे संपले आणि काम थांबलं. मग भोकं पाडून दगडांचा भुगा आणि पाणी खाली सोडून पाहिलं, तिथेही निधी अपुरा पडला. दरवेळी आग थोडी पुढे सरकली आणि तिला अडवायचा खर्च तिच्याहून जास्त पुढे सरकला. मला या सगळ्यात भुतापेक्षा हा हिशोबच जास्त भयंकर वाटतो.

1979 मध्ये पेट्रोल पंपाच्या मालकाला जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल 77 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं आढळलं. 14 फेब्रुवारी 1981 ला बारा वर्षांच्या एका मुलाच्या पायाखालची जमीन आजीच्या परसात अचानक खचली. झाडाच्या मुळाला धरून तो लोंबकळत राहिला आणि त्याच्या चुलत भावाने त्याला वर ओढून काढलं. नेमकी त्याच दिवशी काही राजकारणी मंडळी गावात पाहणीला आली होती. त्यानंतर देशाचं लक्ष गेलं. आग पूर्ण विझवायला 66 कोटी डॉलर लागतील असा अंदाज 1983 मध्ये पुढे आला. गावाने मतदान घेतलं: स्थलांतराच्या बाजूने 345, विरोधात 200. अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पुनर्वसनासाठी 4.2 कोटी डॉलर मंजूर केले. म्हणजे आग लागल्यावर एकवीस वर्षांनी, मत देऊन, भांडून, शेजाऱ्याशी बोलणं तोडून हे गाव उठलं. त्या दोनशे मतांचा विचार करा. त्यातल्या काहींनी घर सोडायला शेवटपर्यंत नकार दिला.

दुसरा दावा मेसेज उघड करत नाही, पण त्याच्या पोटात तोच आहे: भरभराटीतलं गाव आगीने गिळलं. सेंट्रेलिया अँथ्रासाइट या कठीण जातीच्या कोळशावर उभं राहिलं. 1890 मध्ये तिथे 2,761 माणसं होती, 1960 च्या जनगणनेत 1,435. आग लागण्याच्या दोन वर्षं आधीच निम्मं गाव गेलेलं होतं. 1929 च्या मंदीनंतर मोठ्या कंपनीने खाणी बंद केल्या. पोटासाठी लोक बंद खाणींत चोरून उतरले आणि छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे खांबही त्यांनी काढून विकले. पुढे घरांना तेल आणि गॅसची ऊब मिळू लागली, अँथ्रासाइटचं गिऱ्हाईक आटलं. आगीला हवा पुरवणारे जुने बोगदे मिळाले, तेही त्याच उद्योगाने मागे ठेवलेले. कोळसा गेला, पैसा गेला, खड्डे राहिले. आपल्या झारखंडातल्या झरियात 1916 पासून खाणी जळताहेत आणि माणसं त्यावरच राहतात. ते ठाऊक असलेल्याला यात भुताटकी दिसणार नाही.

गेमचं लवकर उरकतो. सायलेंट हिल हा गेम 1999 चा आणि त्याचा सेंट्रेलियाशी संबंध जोडणारा काही आधार मला आढळलेला नाही. 2006 च्या चित्रपटाच्या पटकथाकाराने मात्र या गावाची प्रेरणा सांगितली आहे. चित्रपटाचं श्रेय गेमला चिकटलं, एवढंच.

250 वर्षं हा आकडा खालचा कोळसा किती काळ पुरू शकेल याचा एक अंदाज आहे. तो तारखेसारखा सांगितला जातो.

आणि तो फोटो. तो राज्यमार्ग 61 चा जुना, सोडून दिलेला तुकडा. पर्यटक त्यावर रंगीत फवाऱ्यांनी नावं, चित्रं काढायचे. एप्रिल 2020 मध्ये जमिनीच्या मालक कंपनीने ट्रकने माती आणून तो बुजवला. आज तिथे गेलात तर झाडी आणि मातीचे ढीग दिसतील. वाफही सहसा थंड, ओलसर दिवशीच दिसते.

राहिलं 'एकही माणूस नाही'. 1992 मध्ये राज्याने सगळ्या मालमत्ता सक्तीने ताब्यात घेतल्या आणि 2002 मध्ये टपाल खात्याने गावाचा झिप कोड, म्हणजे आपला पिनकोड, काढून घेतला. तरी काही जण कोर्टात लढले. 2013 मध्ये तडजोड झाली आणि उरलेल्या रहिवाशांना मरेपर्यंत आपल्या घरात राहण्याचा हक्क मिळाला. 2020 च्या जनगणनेत तिथे पाच माणसं नोंदली गेली. टेकडीवर 1911 मध्ये बांधलेलं, निळ्या घुमटांचं युक्रेनियन कॅथलिक चर्च आहे. त्याच्याखाली कोळसा नाही, भक्कम खडक आहे, म्हणून ते पाडावं लागलं नाही. दर रविवारी तिथे प्रार्थना होते आणि गाव सोडून गेलेल्या कुटुंबांतली माणसं आजूबाजूच्या गावांतून गाड्या घेऊन त्या टेकडीवर येतात.