देव 1961 ला सुटला नाही, भाऊ

तालुक्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला. अमेरिकेतले युनिटेरियन (देव एकच, बाप-पुत्र-पवित्र आत्मा असं त्रैक्य नाही म्हणणारा, ख्रिस्ती धर्मातून निघालेला पंथ) 1961 ला युनिव्हर्सलिस्टांसोबत (शेवटी सगळ्यांचाच उद्धार म्हणणारा दुसरा, लहान पंथ) एक झाले, त्याच दिवशी त्यांनी देव सोडला, लहान पंथ गिळला गेला, म्हणून आपल्या गावची खंजिरीवाली अन् टाळ-मृदंगवाली मंडळं एक करू नका. निर्णय गावाचा आहे, पण खोट्या दाखल्यावर नको.

पहिलं, देव त्या दिवशी सुटला हे चूक. 1933 च्या मानवतावादी जाहीरनाम्यावर 34 सह्या होत्या, त्यात कितीतरी युनिटेरियन पाद्री, अन् युनिव्हर्सलिस्टांचे क्लिंटन ली स्कॉटसुद्धा, म्हणजे देवाशिवाय धर्म ही चर्चा एक व्हायच्या 28 वर्षं आधीच घरात शिरली होती. उलट 1961 ला एक होताना केलेल्या नियमांच्या मसुद्यात देवावर प्रेम अन् माणसावर प्रेम हे शब्द आहेतच, त्या ओळीतल्या ख्रिस्ती वारशाच्या उल्लेखावरून आधी केवढं भांडण झालं, तरी ठेवले.

दुसरं, युनिटेरियनांनी युनिव्हर्सलिस्टांना बिघडवलं म्हणे. अरे, कायमचा नरक नाही, शेवटी सगळ्यांचाच उद्धार, असं सांगणाऱ्या युनिव्हर्सलिस्टांच्या होझिया बॅलूंनी 1805 लाच त्रैक्य नाकारलं होतं. 1949 पासून बोस्टनच्या चार्ल्स स्ट्रीटवरच्या युनिव्हर्सलिस्टांच्याच प्रार्थनाघरात भिंतीवर जगातल्या धर्मांची चिन्हं लागली. कोणी कोणाला ओढलं नाही, दोघंही त्याच वाटेवर होते.

मोठा बदल झाला तो नंतर. एक झालेल्या संघटनेत 1977 ला बायांच्या हक्काचा ठराव झाला, पुरुषी भाषेवर प्रश्न उठले, त्यातून 1985 ची सात तत्त्वं आली. त्या तत्त्वांत देव नव्हता, तो गेला प्रेरणेच्या स्रोतांच्या यादीत, मानवतावादाच्या बाजूला, अन् 1995 ला निसर्ग मानणाऱ्या परंपराही तिथंच आल्या. देव मानणं ऐच्छिक झालं हे खरंच, पण ते आतल्या माणसांनी वर्षानुवर्षं वाद घालून केलं.

राहिला लहान पंथ गिळल्याचा मुद्दा. संख्येनं युनिव्हर्सलिस्ट कमीच होते. पण 2024 ला त्या सात तत्त्वांच्या जागी नवा मजकूर मंजूर झाला त्यात मधोमध प्रेम ठेवलंय, अन् मला तरी तो त्यांचाच आवाज वाटते.

लांब कशाला, आपल्या नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा चर्च मिळून उत्तर भारताचं चर्च झालं. कोणी तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत, कोणी समजत्या वयातच. दोन्ही रीती ठेवल्या.

आता आपल्या मंडळांचं बोला. सामुदायिक प्रार्थना किती वाजता, एकादशीचं भजन कोणाकडे, पेटीची चावी कोणाजवळ, हे बैठकीत ठरवा.