पुलीची बघाबघी

बॉनेटखाली बघण्याचा नाद लागला की माणूस कामातून जातो. नव्या गाडीत ही भीती नसते. बॉनेट उघडलं की काळ्या प्लास्टिकचं एक झाकण दिसतं आणि आपण मुकाट्याने बॉनेट लावून टाकतो. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये सगळं उघडं असतं. बेल्ट दिसतात, होस दिसतात, तेल कुठून पाझरतंय ते दिसतं. आणि रेडिएटरच्या मागच्या फटीतून मान वाकडी करून टॉर्च मारला तर खाली क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुलीसुद्धा दिसते. ती सरळ फिरतेय की हेलकावे खातेय, या एका प्रश्नाने आमचा अख्खा उन्हाळा खाल्ला.

गाडी 1990ची, माझदाची मिआटा. फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती लोकांपुढे आली आणि जगभरातल्या मध्यमवयीन पुरुषांची डोकी फिरली. हाताने मागे टाकायचं कापडी छप्पर, बटण दाबलं की डोळे वर करणारे हेडलाइट, 1.6 लिटरचं इंजिन, 116 अश्वशक्ती. जुन्या ब्रिटिश रोडस्टरची मजा, पण त्यांच्यासारखं रोज रस्त्यात बंद पडणं नाही, अशी ख्याती. न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या यच्चयावत मराठी घरांत सात-आठ जणांच्या व्हॅन आहेत. तीन माणसांच्या घरात दोन आसनांची गाडी आणणारा मी एकटाच.

"तिसऱ्याने काय करायचं?" बायकोने विचारलं होतं. तिसऱ्याने बॉनेटखाली बघायचं असतं, हे पुढे आपोआप ठरत गेलं.

या गाडीच्या पहिल्यावहिल्या इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक, म्हणजे नाक, आखूड आहे. 1991च्या मध्यावर ते बदलून लांब नाक आलं. आपलं नाक कोणतं हे ओळखायचं तर पुलीतल्या खाचा मोजायच्या. आठ असल्या तर पेढे वाटा. चार असल्या तर आखूड नाक. मी टॉर्च घेऊन मोजल्या, मग मुलीला मोजायला लावल्या, कारण लहान मुलं खोटं बोलत नाहीत. ती म्हणाली, "फोर." मी म्हटलं, "परत मोज." ती म्हणाली, "स्टिल फोर."

आखूड नाकाची भानगड समजायला सोपी आहे. नाकावर टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या पट्ट्याचा, दातेरी गियर आणि पुलीचा मधला भाग बसतो, एक छोटीशी चावी, म्हणजे लोखंडी पाचर, त्यांना जागेवर धरते आणि समोरून एक मोठा बोल्ट सगळं आवळून टाकतो. आता चावी म्हणजे लग्नातला मध्यस्थ. त्याने जागा जुळवून द्यायची, संसाराचा भार वाहायचा नाही. भार पेलायचा बोल्टच्या आवळ्याने. बोल्ट जरा ढिला राहिला की सगळा मार चावीवर येतो, चावी चेपते, ती बसते तो गाळा रुंदावतो, गियर मागेपुढे खेळायला लागतो आणि पुली डुलायला लागते. गियर सरकला की व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि गाडीचा दम जातो. त्यात टायमिंग बेल्ट दर 60 हजार मैलांना बदलायचा, आणि त्या कामात हा बोल्टही बहुधा काढला जातो. म्हणजे गाडीची सेवा जितकी नेमाने झाली, तितक्या वेळा कोणीतरी त्या बोल्टला हात लावला असणार. आमच्या बॉनेटच्या आत बेल्ट बदलल्याच्या चिकटपट्ट्या ओळीने लावलेल्या होत्या. आधी त्या बघून मला किती आनंद झाला होता!

जवळच्या वॉचुंग टेकड्यांच्या चढावर गाडी धापा टाकायला लागली तेव्हा बघाबघी रीतसर सुरू झाली.

बायकोने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, इंजिनच हलतंय सगळं. त्यात पुली वेगळी हलते की नाही हे कसं कळणार?" बरोबर होतं तिचं. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, ते हलणारच. शिवाय गाडी जागच्या जागी उभी असताना, नुसत्या आयडलला, मिनिटाला 850 फेऱ्यांवर, पुली सेकंदाला चौदा गिरक्या घेते. मंडळातल्या एका मित्राने फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढला. त्यात पुली इतकी वेडीवाकडी दिसली की मला घाम फुटला. मग त्याने स्वतःच्या कोऱ्या गाडीतल्या पुलीचा व्हिडिओ काढला. तीही तशीच. फोनचा कॅमेरा चित्र ओळी-ओळीने टिपतो, त्यामुळे फिरणारी वस्तू वाकडी दिसते, असं त्याने समजावलं. मला हायसं वाटलं, पण त्याला नाही. तेव्हापासून तो स्वतःच्या गाडीखाली वाकून बघतो.

गॅरेजमधला मुलगा तर गाडीच्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेला. तो स्कॅनर घेऊन आला आणि डॅशबोर्डखाली हात घालून जोडायची जागा शोधत राहिला. तसली जागा अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना 1996पासून सक्तीची झाली, ही गाडी त्याआधीची. "मग हिला काय झालंय हे कळणार कसं?" त्याने मलाच विचारलं.

अशा वेळी नाना आले. नाना माझे सासरे, एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त. सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते आणि पहिल्याच आठवड्यात इथल्या मॉलना कंटाळले होते. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं, लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक इंजिनला टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "खडू आणा."

खडू मुलीचा होता, ड्राइव्हवेवर चित्रं काढायचा, अंगठ्याएवढा जाड, गुलाबी. नानांनी तो एका काठीला बांधला, काठी ब्रॅकेटवर टेकवली आणि हळूहळू फिरत्या पुलीच्या तोंडाजवळ नेली. मी श्वास रोखून धरला. (हा प्रयोग कोणी घरी करू नये. नानांच्या हाताची दहाही बोटं शाबूत आहेत, एवढाच त्यांचा अधिकार.) टक्-टक्-टक् असा बारीक आवाज आला. इंजिन बंद केलं आणि टॉर्च मारला. पुली सरळ फिरत असती तर सबंध गोल उमटला असता. उमटली होती अर्धीच कोर, एका बाजूला ठळक, टोकांना पुसट. बाकीच्या पुलीला खडूचा स्पर्शही नव्हता.

"आउट आहे," नाना म्हणाले, आणि फोन काढून सगळा तपशील मोठ्या आवाजात परिवाराच्या ग्रुपवर रेकॉर्ड केला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते.

बोल्ट खोलायची तयारी युद्धाची होती. हा बोल्ट जन्माचा अडून बसतो, असं जो तो सांगत होता. गाडी स्टँडवर, रेडिएटर बाहेर, गियर पाचवा. बायको आत बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबून होती. 21ची गोटी, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट, तिला लांब दांडा, दांड्यावर चार फुटी पाईप. नाना आणि मी दोघे पाईपला लटकलो, "हं" म्हटलं, आणि बोल्ट असा सुटला की आम्ही दोघेही ड्राइव्हवेवर बसलो. ताकद लागलीच नाही. नुसत्या पान्याने निघाला असता.

"सुटला का?" आतून बायको.

"बांधलेलाच नव्हता," नाना कपडे झटकत म्हणाले. शेवटची चिकटपट्टी लावणाऱ्याचा त्यांनी जो उद्धार केला, तो छापण्याजोगा नाही. त्यातला थोडा भाग खास दापोडीचा असावा.

चावी बाहेर आली ती एका कडेला चेपून आरशासारखी चकाकत होती. गाळ्याची कड नखाला जाणवेल इतकी खाल्लेली होती, पण नाक वाचलं होतं. नवी चावी, नवा गियर, नवा बोल्ट आणि झीज भरून काढायला लॉकटाइट 660, राखाडी, टूथपेस्टसारखं. आवळताना मात्र घरात वाद पेटला. आखूड नाकाला आवळायचा जोर 80 ते 87 फूट-पाउंडच चालतो. लांब नाकाचे 116 ते 123 इथे लावले तर संपलं. मी टॉर्क पाना लावून टिचकीची वाट बघत होतो, कारण ठरवलेला जोर झाला की तो टिचकी वाजवतो. नानांना टिचकीवर आवळणं म्हणजे मनगटाचा अपमान वाटत होता. "जावईबापू, तुमचा पाना बोलायच्या आधी माझा हात बोलतो," म्हणाले. टिचकी वाजली तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू पान्यानेच त्यांना दुजोरा दिला होता.

लॉकटाइट पुरतं वाळायला चोवीस तास. तेवढा वेळ गाडीला कोणी हात लावायचा नाही, म्हणून नाना गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि दर दोन तासांनी ग्रुपवर कळवत राहिले. "अजून बेशुद्धच आहे, पण स्थिर." "आज रात्री हलवू नका म्हणालेत." "उद्या सकाळी उठवून चालवून बघू."

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं, खडू लागला, सबंध गुलाबी गोल उमटला आणि नानांनी फोटो टाकला. तासाभरात मिरजेहून त्यांच्या बहिणीचा मला स्वतंत्र मेसेज आला.

"जावईबापू, पुलीचं ऑपरेशन नीट पार पडलं ऐकून जीव भांड्यात पडला. अंगारा पोस्टाने पाठवलाय. पण मेली ही पुली कोण, ते काही आमच्या ध्यानात येईना. तुमच्या बाजूची का?"