सीओए (सप्लायरचं तपासणी सर्टिफिकेट) वाचून कच्च्या मालाचा ड्रम पास करू नका

औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, काम करते, म्हणून हे लिहितेय. थोडं लांबलंय, पण वाचा.

छिंदवाड्यात २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधाने मुलं गेली, तेव्हा चर्चा झाली ती डॉक्टर आणि मेडिकलवाल्यांची. माझ्या डोळ्यांसमोर मात्र स्टोअरमधला ड्रम होता. सिरपमध्ये औषध विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. रंग नाही, दाटसर, चवीला किंचित गोड. डायइथिलीन ग्लायकॉलसुद्धा अगदी तसंच दिसतं. ते इंडस्ट्रीतलं सॉल्व्हंट, पोटात गेलं की किडनी निकामी करतं. मर्यादा ०.१ टक्का. त्या सिरपच्या नमुन्यात निघालं ४८.६ टक्के! पाच मिलीच्या एका चमच्यात जवळजवळ अडीच ग्रॅम विष. वीसपेक्षा जास्त लेकरं गेली, त्यातली बरीच उपचारांसाठी नागपूरला आणलेली.

एवढं प्रमाण लपूच शकत नाही. जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) मशीन नसेल तर टीएलसीच्या (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, हीच तपासणी स्वस्तात) साध्या प्लेटवरही ठिपका उमटतो, काही तासांत. अशी बॅच नीट तपासूनही बाजारात गेली असेल, हे मला पटत नाही.

मग होतं काय? ड्रम येतात, पिवळं 'अंडर टेस्ट' लेबल लागतं. सोबत सप्लायरचा सीओए असतोच, सगळे आकडे चोख. प्रॉडक्शनकडून फोन सुरू होतात, 'मॅडम, टाकी रिकामी आहे, पार्टी नेहमीचीच आहे.' इथे कुणी सीओएवरचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवून हिरवं 'पास' लेबल चिकटवलं, की पुढे अडवणारं कुणी उरत नाही.

पनामात २००६ मध्ये हेच झालं. चीनमधून निघालेला माल दलालांच्या हातून फिरत गेला, प्रत्येक टप्प्यावर कागद नवा झाला, आणि सर्टिफिकेटवर शेवटपर्यंत ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन (हेही सिरपमध्ये वापरतात)! आपल्याकडे तर त्याच्या वीस वर्षं आधी, १९८६ ला, मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने (म्हणजे ग्लिसरीनच) चौदा रुग्ण दगावले होते. चौकशीला न्या. लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. दोन्हीकडे विषारी रसायन तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच रसायन मुलांच्या चमच्यात सापडतं, याचा मला मनापासून संताप येतो.

कच्च्या मालाची आणि तयार मालाची प्रत्येक बॅच तपासायची, हे नियमात आधीपासून आहे. सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे उत्पादनाचे नियम) आलं, तेव्हा छोट्या कंपन्यांना मुदतवाढ मिळाली. इमारत, एअर हँडलिंग यांना वेळ लागतो, मान्य. पण ड्रम उघडून नमुना घ्यायला कसली मुदत हवी?

माझं म्हणणं एवढंच. ग्लिसरीन आणि ग्लायकॉलच्या प्रत्येक ड्रमचा नमुना घ्या, कन्साइनमेंटमधल्या एकाच ड्रमवर भागवू नका. इन्स्पेक्टरने रजिस्टरसोबत क्रोमॅटोग्रामची (जीसी मशीनने काढलेल्या आलेखाची) मूळ फाइलही मागावी, तारीख-वेळेसकट. आणि बॅच अडवणाऱ्या केमिस्टचं अप्रेझल प्रॉडक्शन हेडच्या हातात मुळीच नको.